घर बांधून झाले; माहिती कोठे गेली?

ऱ्हाइन नदीच्या काठी लाउफेनबुर्ग नावाची दोन गावे आहेत. नाव एकच, पण मधून नदी वाहते. एक काठ जर्मनीत आणि दुसरा स्वित्झर्लंडमध्ये. या दोन काठांना जोडणारा एक नवा पूल बांधायचे ठरले. दोन्ही बाजूंनी काम सुरू झाले आणि २००३ साली ध्यानात आले, की दोन्हीकडच्या कामांच्या उंचीत ५४ सेंटिमीटरांचा फरक पडतो आहे!

विद्यार्थी मित्रहो, हे अभियंते काही अडाणी नव्हते. झाले असे, की उंची समुद्रसपाटीपासून मोजतात हे तुम्ही भूगोलात शिकता. कळसूबाईची उंची १६४६ मीटर म्हणजे समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर. पण समुद्र कोणता? जर्मनीतील उंच्या उत्तर समुद्राच्या पातळीवरून धरल्या जातात, तर स्वित्झर्लंडमधील उंच्यांचे मूळ भूमध्य समुद्राच्या पातळीत आहे. या दोन पातळ्यांत २७ सेंटिमीटरांचा फरक आहे. गंमत म्हणजे हा फरक दोन्ही बाजूंना माहीत होता, आणि तो हिशेबात धरलाही होता. फक्त अधिक करायचे तेथे उणे झाले. २७ नाहीसे होण्याऐवजी २७ दुणे ५४ झाले. बीजगणिताच्या पेपरात चिन्ह चुकले तर एक गुण जातो. येथे पुलाच्या कामात दुरुस्ती करावी लागली. चूक वेळीच लक्षात आली म्हणून बरे.

हे उदाहरण मुद्दाम आधी सांगितले, कारण बांधकामातील पुष्कळशा चुका अशाच असतात. सिमेंट कच्चे होते, सळई गंजलेली होती, असे कारण आपण लगेच शोधतो. ते खरेही असते. पण अनेकदा सिमेंट चांगले असते, सळई चांगली असते, माणसेही हुशार असतात. एकाजवळची माहिती दुसऱ्यापर्यंत मात्र नीट पोहोचत नाही.

तुमच्या ओळखीत कोणी नवे घर बांधत असेल तर तेथे जाऊन पाहा. भिंतीला सुरेख गिलावा झालेला असतो. दोन दिवसांनी वायरमन येतो आणि छिन्नी-हातोडा घेऊन तोच गिलावा फोडू लागतो. त्याच्यामागून प्लंबर येतो. स्नानगृहाचा पाइप जिथून जायला हवा तिथे नेमकी तुळई आलेली असते. मग पाइप वळवा, नाही तर तुळईला भोक पाडा, अशी चर्चा सुरू होते. (तुळईला भोक पाडणे ही फार धोक्याची गोष्ट आहे, पण घाई असली, की ती सर्रास केली जाते.) वास्तुविशारदाचा नकाशा बरोबर होता, सळयांचा नकाशा बरोबर होता, पाण्याच्या नळांचा नकाशाही बरोबर होता. तिन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून मात्र कोणी पाहिले नव्हते.

जुने अभियंते ही गोष्ट खरोखरच करत असत. काचेच्या टेबलाखाली दिवा लावायचा, त्यावर ट्रेसिंग कागदावरचे दोन-तीन नकाशे एकावर एक ठेवायचे आणि कोठे रेषांवर रेषा येते ते पाहायचे. लहान घरासाठी हे ठीक. रुग्णालयाचे किंवा रेल्वे स्थानकाचे नकाशे शेकड्यांनी असतात, आणि त्यांतले काही ना काही रोज बदलत असते. एक दार अर्धा मीटर सरकवायचे म्हटले तर ते मजल्याच्या नकाशात, बाहेरच्या दर्शनी चित्रात, उभ्या छेदात आणि दारांच्या यादीत, अशा चार ठिकाणी बदलावे लागते. तीन ठिकाणी बदलले आणि चौथे राहून गेले, की सुताराने कोणता कागद हातात घेतला यावर सारे अवलंबून!

चार्ल्स ईस्टमन या अमेरिकन संशोधकाने १९७५ साली याच दुखण्यावर बोट ठेवले. इमारतीची चित्रे काढून ठेवण्याऐवजी संगणकात इमारतीचे वर्णनच का साठवू नये, असा त्याचा प्रश्न होता. कागदावरची रेषा ही नुसती रेषा असते. ती भिंत आहे, नळ आहे की कुंपण, हे पाहणाऱ्याने ओळखायचे. ईस्टमनच्या कल्पनेत संगणकाला ठाऊक असते, की ही भिंत आहे, विटांची आहे, इतकी जाड आहे, हिच्यात एक दार आहे. मग नकाशा, दर्शनी चित्र, छेद आणि याद्या ही सारी त्याच एका वर्णनातून काढायची. दार एकदाच सरकवा; चारही ठिकाणी ते आपोआप सरकेल.

त्या काळी संगणक खोलीएवढे होते आणि ही कल्पना प्रयोगशाळेबाहेर फारशी गेली नाही. १९८० च्या दशकात हंगेरीतील बुडापेस्ट शहरात अशा तऱ्हेचा एक संगणकीय कार्यक्रम व्यापारी रूपात तयार झाला, पुढे इतरत्रही झाले. आज या पद्धतीला ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ म्हणतात. आद्याक्षरे घेऊन ‘बिम’. गवंडीकामात तुळईला ‘बीम’ म्हणतात, तिच्याशी गल्लत करू नका. आपण येथे ‘माहिती-प्रतिमान’ म्हणू.

या प्रतिमानात लांबी, रुंदी, उंची या तीन मिती तर असतातच. त्याला कामाचे वेळापत्रक जोडले, की चौथी मिती झाली. मग तिसऱ्या महिन्यात इमारत कोठवर आली असेल, त्या वेळी क्रेन कोठे उभी राहील, तिच्या माऱ्याखाली मजूर काम करत असतील का, हे आधीच पडद्यावर पाहता येते. खर्च जोडला, की पाचवी मिती. आपल्याकडे नागपूरच्या मेट्रो रेल्वेचे काम या पंचमित पद्धतीने करण्यात आले. सुमारे ४० किलोमीटरच्या त्या मार्गाचा पहिला भाग मार्च २०१९ मध्ये आणि पहिल्या टप्प्यातील उरलेला भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. तेव्हा हे केवळ परदेशातील नवल आहे असे समजू नका.

पाइप आणि तुळई एकाच जागी येत असतील तर संगणक ते शोधून लाल रंगात दाखवतो. पुष्कळांना या पद्धतीत हेच मोठे कौतुकाचे वाटते. मला मात्र वाटते, की आपण चुकीच्या गोष्टीला टाळ्या वाजवत आहोत. दोन वस्तू एका जागी मावत नाहीत हे ओळखणे यंत्राला सोपे आहे. माणसे मरतात ती बहुधा यापेक्षा निराळ्या चुकीने.

अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरात १९८० साली एक मोठे हॉटेल सुरू झाले. त्याच्या भव्य दालनात छतापासून पोलादी दांड्यांनी टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्याचा पूल वर, आणि त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ आराखड्यात छतापासून एकच लांब दांडी दोन्ही पुलांमधून खाली येत होती आणि प्रत्येक पुलाची तुळई आपापल्या नटावर टेकत होती. अशी लांब दांडी बनवायची तर नट चढवण्यासाठी तिच्यावर बऱ्याच लांबीपर्यंत आटे पाडायला हवेत, काम कटकटीचे. म्हणून लोखंडी काम करणाऱ्यांकडून एक सोपी युक्ती पुढे आली: एका दांडीच्या दोन करायच्या. पहिली छतापासून वरच्या पुलापर्यंत, आणि दुसरी वरच्या पुलाच्या तुळईपासून खालच्या पुलापर्यंत.

क्षणभर थांबा आणि कागदावर दोन्ही आकृत्या काढा. काय बदलले?

विहिरीत सोडलेल्या एकाच दोराला दोन मुले लोंबकळत आहेत अशी कल्पना करा. वरच्या मुलाच्या हातांवर फक्त त्याचे स्वतःचे वजन. आता खालच्या मुलाने दोर सोडला आणि वरच्याचे पाय धरले. दोरावरचा एकूण भार तेवढाच आहे, पण वरच्या मुलाच्या हातांवरचा ताण दुप्पट झाला. त्या पुलांचेही असेच झाले. वरच्या तुळईखालच्या नटावर दोन्ही पुलांचा भार आला. पुढे चौकशीत असेही आढळले, की मूळ आराखड्यातील जोडसुद्धा तेथील नियमांनी मागितलेल्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच होता. बदलानंतर तर तो निम्म्यावर आला. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी दालनात नृत्याचा कार्यक्रम चालू असताना दोन्ही पूल कोसळले. ११४ माणसे ठार झाली.

बदललेल्या नकाशांवर अभियंत्यांची मंजुरी होती. मात्र त्या बदललेल्या जोडाचे गणित कोणी करून पाहिले नव्हते. एका कचेरीला वाटले, त्यांनी पाहिले असेल. दुसरीला वाटले, ते काम यांचे. पुढे जबाबदार अभियंत्यांचे परवाने रद्द झाले.

मी मुद्दाम विचारतो: आजचे माहिती-प्रतिमान तेव्हा असते, तर हा अपघात टळला असता का? लाल रंग तर दिसला नसता. एक दांडी काय आणि दोन काय, कोणतीही वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागेत शिरत नव्हती. चित्र निर्दोष होते! पण प्रतिमान नीट चालवले असते तर एक गोष्ट घडू शकली असती. ही दांडी कोणी बदलली, केव्हा बदलली, आणि बदलल्यावर तिचे गणित कोणी तपासले, ही नोंद त्या दांडीलाच चिकटलेली राहिली असती. गणित केलेले नाही, अशी रिकामी जागा सर्वांना दिसली असती. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल येथे आहे. रंगीत चित्रे आणि पडद्यावरची फिरती इमारत ही ग्राहकाला दाखवायला ठीक. जपायची ती नोंद.

या कामासाठी २०१८ साली एक आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले, आयएसओ १९६५०. त्याचा भर संगणकावर कमी आणि माणसांवर अधिक आहे. कोणी कोणाला, केव्हा, कोणती माहिती द्यायची, ती कोणी तपासायची आणि कोणाच्या मंजुरीने पुढे जायची, हे काम सुरू होण्याआधी ठरवून घ्या, असे ते सांगते. लाउफेनबुर्गच्या पुलाला संगणकाने काय मदत केली असती? चिन्ह उलटे दिले असते तर त्याने ५४ सेंटिमीटर अगदी अचूक काढून दिले असते. शून्य कोठे धरायचे आणि अधिक कोणत्या दिशेला, हे माणसांनीच आधी बसून ठरवायचे असते.

लंडनमध्ये क्रॉसरेल नावाचा मोठा भुयारी रेल्वेचा प्रकल्प झाला. ४२ किलोमीटरची नवी भुयारे, आणि माहिती-प्रतिमान सुरुवातीपासून हाताशी. तो डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायचा होता. प्रत्यक्षात गाडी धावली २४ मे २०२२ रोजी. स्थानकांतील यंत्रसामग्रीची जोडणी, सिग्नलचे संगणकीय कार्यक्रम आणि चाचण्या यांना अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला. प्रतिमान आणले, की काम वेळेवर होते, असे सांगणाऱ्या विक्रेत्यांना हे उदाहरण जरूर ऐकवावे.

मग एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. याचे उत्तर बांधकामाच्या काळात शोधू नये, असे मला वाटते. इमारत बांधायला दोन-तीन वर्षे लागतात आणि ती उभी राहते पन्नास-साठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक. अमेरिकेतील मानक संस्थेने २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. मोठ्या बांधकामांत एका संगणकातील माहिती दुसऱ्याला न समजल्यामुळे त्या देशाचे २००२ या एका वर्षात सुमारे १५.८ अब्ज डॉलरचे नुकसान झाले, असा त्यातील अंदाज होता. यांतले दोन-तृतीयांश नुकसान सोसले ते इमारतींचे मालक आणि त्या चालवणारे यांनी. कंत्राटदार आपले बिल घेऊन केव्हाच गेलेला असतो!

आपल्याकडे काय चित्र आहे? मुंबईत तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. तपासायला येणाऱ्या अभियंत्याला पहिला प्रश्न पडतो तो नकाशांचा. कोठल्या खांबात किती सळया आहेत? पाया किती खोल आहे? पुष्कळ संस्थांच्या कपाटात मंजूर नकाशाची एक पिवळी पडलेली प्रत असते, सळयांचे नकाशे नसतातच. मग तो बिचारा उपकरणे लावून, काही ठिकाणी काँक्रीट फोडून अंदाज बांधतो. जी माहिती एके काळी एका माणसाला पक्की ठाऊक होती, ती पैसे खर्चून पुन्हा शोधायची आणि तीही अर्धवट!

२५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथे एक चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते आणि त्यात इमारतीच्या आधाराला धक्का लागला, असा आरोप झाला. जाणूनबुजून खांब तोडणाऱ्याला कोणतेही प्रतिमान अडवणार नाही, हे मान्य. पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला, खाली फोडली जाणारी ही भिंत नुसती आडोशाची आहे की तिच्यात माझ्या घराचा खांब आहे, हे विचारायला जागा तरी हवी. उत्तर लिहिलेले असेल तरच तो विचारू शकेल.

येथे आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे फार थोडे लोक पाहतात. कचेरीत बसून केलेले प्रतिमान आणि जागेवर झालेले काम यांत फरक पडतोच. खोदताना खडक लागला म्हणून नळ हातभर डावीकडे सरकला. सळईची ठरलेली जाडी बाजारात मिळाली नाही म्हणून दुसरी वापरली. हे कोणाला ठाऊक असते? मिस्त्रीला आणि मुकादमाला. काम संपले, की ते दुसऱ्या जागी जातात आणि ती माहिती त्यांच्याबरोबर जाते. त्यांना कोणी विचारलेलेच नसते. भिंत बंद करण्याआधी मिस्त्रीने आपल्या खिशातील फोनने त्या जागेचे छायाचित्र घ्यावे, टेपने अंतर मोजावे आणि ती नोंद प्रतिमानात जावी, एवढे जरी झाले तरी मोठे काम होईल. अभियंत्याच्या पदवीइतकेच मोल या नोंदीला द्यायला हवे. आय. टी. आय. मध्ये गवंडीकाम आणि नळकाम शिकणाऱ्या मुलांना हे शिकवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. केवळ महाविद्यालयांत शिकवून भागणार नाही.

काही जाणती माणसे एक आक्षेप घेतात आणि तो मला खरोखर वजनदार वाटतो. कागद शंभर वर्षे टिकतो. संगणकातील फाइल वीस वर्षांनी उघडेल का? ती बनवणारी कंपनीच राहिली नाही तर? पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचे उदाहरण पाहा. आंद्र्यू टॅलन या इतिहासकाराने २०१० च्या सुमारास त्या वास्तूचे लेसर किरणांनी मोजमाप केले होते. अब्जाहून अधिक बिंदू टिपले गेले. १५ एप्रिल २०१९ रोजी तेथे आग लागली आणि छत जळून गेले, तेव्हा ही मोजमापे पुनर्बांधणीसाठी हाताशी होती. पण छताच्या लाकडी सांगाड्यासाठी मोठा आधार झाला तो २०१४ साली दोन वास्तुविशारदांनी हाताने काढलेल्या नकाशांचा! चर्च डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. तेव्हा कागद टाकून द्या, असे मी मुळीच म्हणणार नाही.

फाइलीच्या भीतीवर एक उपाय आहे. कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नाही असे एक खुले स्वरूप या माहितीसाठी तयार झालेले आहे. त्याचे नाव आयएफसी, आणि २०१३ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. अशी फाइल साध्या अक्षरांत लिहिलेली असते. मजकूर वाचणारा कोणताही साधा कार्यक्रम ती उघडतो. एकेका ओळीत भिंत, खिडकी, खांब यांची वर्णने दिसतात. वाचायला रुक्ष, पण वाचता येते. सरकारी पैशातून होणाऱ्या शाळा, रुग्णालये आणि पूल यांचे प्रतिमान या खुल्या स्वरूपातच घ्यावे आणि ते काम पूर्ण झाल्यावर ताब्यात आल्याखेरीज शेवटचे बिल चुकते करू नये, असे माझे मत आहे. ब्रिटनमध्ये केंद्र सरकारच्या खर्चाने होणाऱ्या बांधकामांना एप्रिल २०१६ पासून माहिती-प्रतिमान आवश्यक करण्यात आले. सर्व लहान घरांवर ही सक्ती करू नये. दोन खोल्यांचे घर बांधणाऱ्याला महागडे संगणकीय कार्यक्रम घ्यायला लावणे म्हणजे मुंगीला हत्तीची झूल. त्याला एक वही पुरे.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवतो. आठवी-नववीच्या मुलांचे गट करून शाळेच्या एकेका खोलीची अशी वही करून घ्यावी. खोलीतील वीजेच्या तारा कोणत्या भिंतीतून गेल्या आहेत, नळ कोठून येतो, खांब कोठे आहेत आणि आडोशाच्या भिंती कोणत्या, गळती कोठे आहे आणि मागची दुरुस्ती केव्हा झाली. शिपाईकाकांना विचारावे, नेहमीच्या प्लंबरला विचारावे, जे कळणार नाही तेथे अंदाज न करता जागा कोरी सोडावी. प्रत्येक अंतर कोणत्या कोपऱ्यापासून मोजले ते लिहावे, आणि नोंदीखाली तारीख व मोजणाऱ्याचे नाव असावे. वहीची एक प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि दुसरी मुख्य स्विचच्या पेटीजवळ ठेवावी. पुढच्या वर्षीच्या वर्गाने ती पुन्हा तपासावी आणि बदल वेगळ्या शाईने लिहावेत. जुनी नोंद खोडू नये.